एक पिकअप युरेनियम, पाच मालगाड्या कोळसा

शेजारच्या फताटेवाडीला एनटीपीसी या सरकारी कंपनीचा एवढा मोठा कोळशाचा वीजप्रकल्प उभा असताना आमच्या गल्लीतली लाइट जातेच कशी, हा सोलापुरातला नेहमीचा प्रश्न. चहाच्या टपरीवर तो निघाला की कुणीतरी म्हणतंच, "आपली वीज बाहेर पळवतात." खरं उत्तर त्याहून साधं आहे. गल्लीतली लाइट जाते ती रोहित्र जळतं म्हणून, तारेवर फांदी पडते म्हणून, नाहीतर एप्रिल-मेमध्ये घरोघरी कूलर लागले की फीडर तो भार पेलत नाही म्हणून. फताटेवाडीतली वीज तशीही थेट सोलापूरच्या घरात येत नाही. ६६० मेगावॅटचे दोन संच, एकूण १,३२० मेगावॅट. ती सगळी वीज ग्रिडमध्ये, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यात जाते आणि तिथून पश्चिम भारतातल्या राज्यांना ठरलेल्या वाट्याने मिळते. अणुऊर्जेचा हिशेब मांडायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.



हे ग्रिड काय असतं ते समजून घ्यायला सोलापूरकराला लांब जायला नको. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी चालू झाली आणि दक्षिण भारताचं ग्रिड उरलेल्या देशाला कायमचं जोडलं गेलं. त्याआधी दक्षिणेशी विजेची देवाणघेवाण व्हायची, पण दोन्ही ग्रिड आपापल्या तालावर चालायची. आता काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळी जनित्रं एकाच तालावर, सेकंदाला ५० आवर्तनांवर चालतात. तारापूर, कारवारजवळचं कैगा, तमिळनाडूतलं कुडनकुलम इथल्या अणुभट्ट्यांची वीज आणि फताटेवाडीची कोळशाची वीज यात मिसळून जाते. आपल्या पंख्याला त्यातली कुठली मिळाली हे विचारण्यात अर्थ नाही.

ग्रिडचा एक कडक नियम आहे. ज्या क्षणाला जेवढी वीज लागते, तेवढीच त्या क्षणाला तयार व्हावी लागते. तूट मोठी झाली की आवर्तनं घसरतात, यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी बाहेर पडतात आणि एकामागोमाग सगळं कोसळतं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारत असाच अंधारात गेला होता. त्या दिवशी दक्षिण वाचली, कारण ती तेव्हा या तालात नव्हती.

अंधार हा तर शेवटचा टप्पा. त्याच्या आधीचं नुकसान बघायचं असेल तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जावं. वीज क्षणभर डळमळली तरी साचे (यंत्रमाग) थांबतात. पुन्हा चालू केले की कापडावर जिथे साचा थांबला तिथे आडवी रेघ उमटते, तेवढे नग सेकंडमध्ये जातात. कामगाराची मजुरी विणलेल्या मालावर. साचा बंद तर त्याचा रोजही बंद.

देशाच्या ऊर्जासुरक्षेबद्दल भाषणांत बरंच ऐकू येतं. मला त्याचा अर्थ एका प्रश्नात मावतो असं वाटतं: बाहेरून येणारं काहीतरी उद्या अचानक थांबलं, तर आपण किती दिवस तग धरू? किती मेगावॅट उभारले हा नंतरचा मुद्दा. अणुऊर्जेची बाजू घेणारे बहुतेक वेळा स्वच्छ हवेबद्दल बोलतात आणि विरोध करणारे स्फोटाबद्दल. तग धरण्याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही, तो इथे मांडून बघू.

आधी कोळसा. आपल्याकडच्या कोळशात राख फार, त्यामुळे एका किलोत दीड युनिटच्या आसपासच वीज निघते. १,३२० मेगावॅटचा प्रकल्प चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला तर तीन कोटींहून अधिक युनिट होतात आणि त्याला साधारण २० हजार टन कोळसा लागतो. एका मालगाडीत सुमारे चार हजार टन मावतो. म्हणजे रोज पाच गाड्या. शेकडो किलोमीटरवरून आलेली ५८-५९ वाघिणींची गाडी रिकामी होते तोवर पुढची मार्गात असायला हवी. आणि हे उद्या, परवा, दिवाळीला, गड्डा जत्रेच्या दिवशी, धो-धो पावसात खाणीत पाणी शिरलेलं असतानाही.

म्हणून खाणीपासून लांबच्या प्रकल्पांनी २० ते २६ दिवसांचा कोळसा आवारात ठेवावा असा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा दंडक आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातला सरासरी साठा चार दिवसांवर आला होता. पुढच्याच उन्हाळ्यात कोळशाच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून रेल्वेने प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या. कोळसा आपल्याच देशातला, रेल्वे आपली, प्रकल्प आपले, तरी ही गत. देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशाचीच आहे हे लक्षात घेतलं की चार दिवस हा आकडा किती लहान ते कळतं.

आता युरेनियम. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममधला फक्त ०.७ टक्का भाग, युरेनियम-२३५, सहज फुटणारा असतो. त्याच्या अणूवर न्यूट्रॉन आदळला की अणू दुभंगतो, उष्णता बाहेर पडते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. ते पुढचे अणू फोडतात. भट्टीचं काम हे की प्रत्येक वेळी नेमका एकच न्यूट्रॉन पुढची फोड करेल आणि बाकीचे शोषले जातील. पुढे उष्णतेने पाण्याची वाफ, वाफेने टर्बाइन, टर्बाइनने जनित्र. इथून पुढे फताटेवाडी आणि तारापूर यांत काही फरक नाही.

फरक उष्णता येते कुठून यात आहे. कोळसा जळतो तेव्हा अणू शाबूत राहतात, फक्त एकमेकांशी जोडणी बदलतात. युरेनियमचा अणूच फुटतो, आणि एका फोडीतली ऊर्जा कोळशातल्या एका अणूच्या ज्वलनापेक्षा काही कोटी पट असते. व्यवहारात बोलायचं तर भारतीय जड पाण्याच्या (ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो अशा पाण्याच्या) भट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियमपासून सुमारे ५० हजार युनिट वीज मिळते. फताटेवाडीएवढी वीज अशा भट्ट्यांतून काढायची झाली तर दिवसाला साडेसहाशे किलोच्या आसपास युरेनियम लागेल. हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये त्याची अर्ध्या मीटर लांबीची बंडलं बनतात. २२० मेगावॅटच्या भट्टीतलं बंडल पंधरा-सोळा किलोचं, माणसाला उचलता येईल असं. रोजची पन्नासेक बंडलं एका पिकअपमध्ये जातील.

ती भरण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. भट्टीच्या आडव्या नळ्यांना दोन्ही टोकांना एकेक यंत्र लागतं. एका बाजूने नवी बंडलं आत ढकलली जातात, दुसऱ्या बाजूने वापरलेली बाहेर निघतात, आणि हे सगळं भट्टी पूर्ण ताकदीने चालू असताना. कैग्याचा पहिला संच १३ मे २०१६ ते ३१ डिसेंबर २०१८ असा सलग ९६२ दिवस न थांबता चालला, तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता.

आपल्या भागात जुन्या वाड्यांमध्ये ज्वारीचं पेव असायचं. जमिनीतला खड्डा, आतून पेंढा, वर माती लिंपलेली. पीक बुडालं, बाजार चढला, तरी घरात भाकरी असायची. युरेनियमचं पेव भरता येतं. पाच वर्षांचं इंधन एका गोदामात राहील, ना ते ओलं होतं, ना पेट घेतं. कोळशाचं पाच वर्षांचं पेव करायचं म्हटलं तर तालुका पुरणार नाही. वायूचं तर विचारूच नका. अणुऊर्जेतून देशाला विजेबरोबर जे मिळतं ते म्हणजे वेळ, आणि तंट्याच्या, युद्धाच्या, भाव भडकण्याच्या काळात तेच सगळ्यात महाग असतं.

पण पेव भरायला धान्य कुणाकडून आणायचं? इथे आपल्याला चांगलाच चटका बसलेला आहे.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये चालू झाल्या, त्या अमेरिकी कंपनीच्या. त्यांना समृद्ध युरेनियम लागतं, म्हणजे ज्यातलं २३५ चं प्रमाण वाढवलेलं आहे असं, आणि ते पुरवण्याचा करार अमेरिकेने केला होता. १९७४ च्या मे महिन्यात पोखरणला चाचणी झाली. कॅनडाने राजस्थानच्या रावतभाट्यातलं काम अर्ध्यावर सोडलं, अमेरिकेनेही पुढे कायदा करून इंधन अडवलं. नंतर तारापूरला फ्रान्सने इंधन दिलं, मग चीनने, मग रशियाने. भट्ट्या बंद पडल्या नाहीत, पण पुढचं इंधन कुठून येणार या घोरात किती वर्षं गेली.

रावतभाट्याची गोष्ट वेगळी निघाली. तिथली रचना नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी यांवर चालणारी, म्हणजे समृद्धीकरणासाठी कुणाच्या पाया पडायला नको. कॅनडा निघून गेल्यावर आपल्या अभियंत्यांनी दुसरा संच पुरा केला आणि तीच रचना पुढे नरोरा, काक्रापार, कैगा अशी वाढवत नेली. जड पाणीही इथेच बनतं; त्यातला एक कारखाना अलिबागजवळ थळला आहे. महाराष्ट्राने याच्या बरोब्बर उलट धडाही घेतलाय. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचं इंधन नाफ्था, त्याचा भाव डॉलरमध्ये. १९९९ ला वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये ती परवडेना म्हणून वीज मंडळाने घेणं थांबवलं. यंत्रं नवीकोरी होती, नड होती ती इंधनाच्या भावाची.

तंत्र आपलं झालं, तरी युरेनियम कमीच पडलं. झारखंडातल्या जादूगुडा परिसरातलं खनिज हलक्या प्रतीचं. २००८ च्या सुमारास आपल्या भट्ट्या इंधनाअभावी निम्म्याच क्षमतेने चालवाव्या लागत होत्या. त्या सप्टेंबरमध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सूट दिली, तेव्हा कुठे कझाकस्तान, रशिया यांच्याकडून युरेनियम येऊ लागलं, आणि २०१५ च्या करारानंतर कॅनडाकडूनही. होय, १९७४ ला पाठ फिरवणारा तोच कॅनडा. मात्र आयात केलेलं युरेनियम आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या भट्ट्यांतच वापरता येतं. देशात आंध्रच्या कडपा भागात तुम्मलपल्लेला खाण आहे. आणि आपल्याला जवळचं म्हणजे, सोलापूर जिल्ह्यातून जाणारी भीमा पुढे कर्नाटकात उतरते, तिच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांच्या पट्ट्यात, यादगीर जिल्ह्यातल्या गोगी गावाजवळ युरेनियमचा साठा सापडलेला आहे.

कुडनकुलमचं गणित आणखी निराळं. हजार-हजार मेगावॅटच्या रशियन भट्ट्या, त्यांचं इंधनही रशियाच बनवून देतो. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटल्यावर पूर्व युरोपातल्या देशांना अशाच भट्ट्यांसाठी दुसरा पुरवठादार शोधायची धावपळ करावी लागली. म्हणजे पेव असून भागत नाही. ते भरणारा एकच असेल तर तुमची मान त्याच्या हातात.

एकाच इंधनावर सगळा भार टाकण्यातही धोका आहे. फ्रान्सने १९७३ च्या तेलटंचाईनंतर धडाक्याने भट्ट्या बांधल्या आणि दोन तृतीयांश वीज अणूपासून काढू लागला. तेलाची चिंता मिटली. मग २०२१ च्या अखेरीस एकाच प्रकारच्या नळ्यांत भेगा सापडल्या, २०२२ मध्ये तपासणीसाठी आणि दुरुस्तीसाठी निम्म्याच्या आसपास भट्ट्या एकाच वेळी थांबल्या, आणि नेहमी वीज विकणारा देश त्या वर्षी वीज विकत घेत होता. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या. रशियन वायू आटलेला असताना हे करावं का, यावर तिथे आजही भांडण चालू आहे. मला विचाराल तर चालू स्थितीतल्या भट्ट्या त्या वेळी बंद करणं हा उधळेपणा होता.

आता भीतीबद्दल, कारण ती खोटी नाही. भट्टी बंद केली तरी आतली उष्णता लगेच थांबत नाही. अणू फुटून तयार झालेले तुकडे स्वतःच उष्णता देत राहतात. बंद केल्याच्या क्षणी ती एकूण उष्णतेच्या सहा-सात टक्के असते, मग कमी कमी होत जाते. हजार मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीत उष्णता त्याच्या तिप्पट, तीन हजार मेगावॅटच्या आसपास असते; तिचे सहा-सात टक्केच सुरुवातीला दोनशे मेगावॅटच्या घरात जातात. तेव्हा भट्टी बंद असतानाही पंप चालू हवेत आणि पाणी हवं. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात नेमकं हेच झालं. भूकंप होताच भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या, पण त्सुनामीने डिझेल जनित्रं बुडवली, पंप थांबले, इंधन वितळलं, हायड्रोजनचे स्फोट झाले. चेर्नोबिलची १९८६ ची दुर्घटना निराळ्या रचनेच्या भट्टीत आणि नियम धाब्यावर बसवून केलेल्या चाचणीत घडली. दोन्ही एका तराजूत तोलू नयेत.

याच पाण्यापायी सोलापुरात अणुभट्टी यावी असं मी म्हणणार नाही. कोळशाच्या आधुनिक संचात वाफ ५५० अंशांच्या वर तापते, अणुभट्टीत ३०० च्या आतच. वाफ जितकी कमी तापलेली तितकी उष्णता वाया जास्त, आणि ती वाहून न्यायला पाणीही जास्त. फताटेवाडीलाच, युनिटमागे तीन लिटर या नियमाने धरलं, तर पूर्ण भाराला दिवसाला नऊ-दहा कोटी लिटर लागेल, आणि ते येतं उजनी धरणातून. २०२४ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून उजनी मायनसमध्ये, वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहराशेजारी आणखी तहानलेलं यंत्र कशाला? शिवाय १९९३ च्या किल्लारीच्या पहाटेचे हादरे या भागात अजून कुणी विसरलेलं नाही. पाण्याच्या सोयीसाठीच तारापूर, कुडनकुलम, कल्पक्कम समुद्रकाठी आहेत.

समुद्र असला म्हणजे सगळं जमतं असंही नाही. जैतापूरला सहा भट्ट्या, ९,९०० मेगावॅट असं ठरून दीड दशक होत आलं. मच्छीमारांचा आणि बागायतदारांचा विरोध, २०११ मधलं आंदोलन, फ्रेंच कंपनीची अदलाबदल, विजेचा दर काय पडणार याचा वाद, यात भट्टीचं बांधकाम सुरूच झालेलं नाही. देशी प्रकल्पही रेंगाळतात. काक्रापारच्या तिसऱ्या संचाचं काँक्रीट २०१० ला पडलं, व्यापारी वीज २०२३ ला आली. एवढ्या वर्षांचं व्याज शेवटी दरातच येतं. अणुविजेत इंधन स्वस्त आणि बांधकाम महाग, त्यामुळे उशीर हाच तिचा मोठा शत्रू. तेवढ्या काळात माळरानावर कितीतरी सौर प्रकल्प उभे राहतात, आणि रात्री दोनला मोटार चालू करायला शेतात जाणाऱ्याला दिवसा वीज मिळते, हे सुख लहान नाही. पण सूर्य मावळल्यावर साचे, दवाखाने आणि घरोघरचे कूलर चालवायला काहीतरी लागतंच. साठवणुकीच्या बॅटऱ्या स्वस्त होताहेत. त्या किती लवकर होतात यावर अणुऊर्जेची पुढची किंमत ठरेल असा माझा अंदाज.

कचऱ्याचा मुद्दा थोडक्यात. वापरलेलं इंधन हजारो वर्षं किरणोत्सारी राहतं आणि त्याची कायमची जागा भारतात अजून ठरलेली नाही. आपण ते थेट पुरत नाही, त्यातलं प्लुटोनियम काढून घेतो आणि उरलेलं काचेत ओतून बंद करतो. ही सोय तारापूरलाही आहे. प्रमाणात मात्र ते फार थोडं. रोजच्या २० हजार टन कोळशातून सहा-सात हजार टन राख निघते, तिचं काय होतं हे राखेच्या बंधाऱ्याजवळच्या शेतकऱ्याला विचारावं.

आज देशात अणुऊर्जेची क्षमता सुमारे ८,८०० मेगावॅट आहे. एकूण विजेत तिचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट करायचं सरकारने ठरवलंय, म्हणजे अकरा पटींहून जास्त. २०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या भट्ट्यांसाठी २० हजार कोटी ठेवले, २०३३ पर्यंत त्यातल्या किमान पाच चालू करायचं म्हटलं. आजवरचा वेग पाहता एक लाखाचा आकडा मला पटत नाही; निम्मा गाठला तरी पुष्कळ. थोरियमवर चालणाऱ्या भट्ट्यांचं स्वप्न डॉ. होमी भाभांनी १९५० च्या दशकात दाखवलं, आपल्या किनाऱ्यांच्या वाळूत थोरियम भरपूर आहे, पण त्यासाठी आधी कल्पक्कमसारख्या प्लुटोनियमच्या भट्ट्या रांगेने उभ्या राहाव्या लागतात. ते आपल्या नातवंडांचं काम.

आपल्या हयातीत बघायला मिळेल ते राजस्थानात बांसवाड्याला. तिथे सातशे मेगावॅटच्या चार भट्ट्यांची पायाभरणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. त्या बांधणाऱ्या संयुक्त कंपनीत अणुऊर्जा महामंडळाचा वाटा ५१ टक्के आणि ४९ टक्के एनटीपीसीचा, म्हणजे फताटेवाडीत कोळसा जाळणाऱ्या त्याच एनटीपीसीचा. रचना देशी, जड पाणी देशी, इंधनाची बंडलंही देशातच भरली जातील. त्यात भरायचं युरेनियम तुम्मलपल्लेचं असेल की कझाकस्तानचं, आणि गोदामात ते किती वर्षांचं पडून असेल, एवढं एकदा छापून आलं तर बरं होईल.